निम्मी गोळी

३ मार्च

भाऊजी,

आधी 'चि.' लिहिलं होतं. पण सात वर्षं ज्यांचा आवाज ऐकला नाही त्यांना असा हक्कानं आशीर्वाद कसा द्यायचा? मग 'श्री.' लिहिलं, तर विजेच्या बिलावरच्या नावासारखं दिसायला लागलं. शेवटी कागदच बदलला.

आम्ही बरे आहोत. मी लिहितेय हे तुमच्या दादांना माहीत नाही. ते आतल्या खोलीत पडलेत आणि मी ओट्यापाशी उभी राहून लिहितेय. उठून आलेच तर बाजारातून काय काय आणायचं ते लिहितेय म्हणून सांगेन.

फोन का केला नाही असं तुमच्या मनात येईल. टेलिफोन एक्स्चेंजात सगळी नोकरी परक्यांचे फोन जोडण्यात घालवली मी, फोनला घाबरत नाही. पण दुसऱ्याच वाक्याला तुम्ही "वहिनी, ते तसं नसतं" म्हणाल आणि मी गप्प बसेन, हे मला ठाऊक आहे. पत्रात निदान माझं बोलणं पुरं होईल.

विचारायचंय ते एवढंसंच. गेल्या आठवड्यात आम्ही नेहमीसारखे आमच्या डॉक्टरांकडे दादांच्या गोळ्यांची चिठ्ठी आणायला गेलो. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असताना लिफ्टच्या खड्ड्यात पडल्यापासून दादा त्या घेतात, तुम्हाला माहीत आहेच. डॉक्टर चिठ्ठी लिहायची सोडून स्क्रीनकडेच बघत बसले. मग त्यांनी ती आमच्याकडे वळवली. दादांच्या नावापुढे लाल खूण होती.

"काका, आता कुठल्याही डॉक्टरानं लिहिलेली, कुठल्याही दुकानातून घेतलेली गोळी इथं दिसते," डॉक्टर म्हणाले. "तुमचं वय, ही अफूच्या जातीची गोळी आणि वर झोपेची गोळी. तिन्ही एकत्र आली की खूण येते."

"मग झोपेची बंद करतो," दादा म्हणाले.

"ती बंद करूच. पण हीसुद्धा निम्मी करायचीय. हळूहळू, पण करायचीच."

"नऊ वर्षं तेवढीच घेतोय. कधी जास्त मागितली तुमच्याकडे?"

"नाही मागितलीत. पण मला वर उत्तर द्यावं लागतं हो."

डॉक्टर वाईट नाहीत. चिठ्ठी देताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही, यावरूनच कळलं की त्यांनाही बरं वाटत नव्हतं. बाहेर भिंतीवर नव्या नियमाचा कागद लावला होता, खाली समितीतल्या लोकांची नावं. दादांचा चष्मा घरी राहिला होता. माझा नव्हता राहिला.

तक्रार करत नाहीये. तुम्ही एवढ्या मोठ्या समितीत आहात याचा मला अभिमानच वाटला, आधी. फक्त विचारायचं होतं की ती खूण एकदा आली की पुसता येते का?

तुमची वहिनी


११ एप्रिल

भाऊजी,

तुमचं उत्तर मिळालं. टाइप केलेलं. खूण पुसता येत नाही, पण डॉक्टरांनी 'सारासार विचार करून' निर्णय घ्यावा अशी अपेक्षा आहे, हे वाचलं. सोबतचं व्यायामाचं चित्रपत्रकही मिळालं. त्यातली बाई तिशीची आहे आणि हसत हसत पाठ वाकवतेय. ते मी दादांना दाखवलेलं नाही.

गोळी कमी केल्यावरचे पहिले दिवस फार वाईट गेले. घाम, जांभया, पोट बिघडलेलं, पाय तर झोपेतसुद्धा कोणीतरी दोरीनं ओढल्यासारखे उडायचे. चादर दिवसातून किती वेळा बदलली ते विचारू नका. तुम्ही पत्रात 'तात्पुरती अस्वस्थता' असा शब्द वापरलाय. तुम्ही चादरी धुतल्या नाहीत, म्हणून तो सुचला असेल.

पण आता जे लिहितेय ते मी कोणाजवळच बोललेले नाही. मागच्या आठवड्यात दादा सकाळी उठून टेबलाशी येऊन बसले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "तू चष्मा कधी बदललास गं?"

चष्मा बदलून तीन वर्षं झाली, भाऊजी.

मग ते बोलायलाच लागले. किती दिवसांनी! इमारतीची लिफ्ट वर येत होती, तर कान टवकारून म्हणाले, "उजवीकडचा रोलर झिजलाय, महिन्याभरात ओरडायला लागेल." आणि त्या अपघाताचं सांगितलं, जे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधीच सांगितलं नव्हतं. लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून रूळ साफ करत होते, पाय सटकला. "आणि ग्रीस कोणी लावलेलं? मीच! हात राखून लावलं असतं तर वाचलो असतो," म्हणाले आणि हसता हसता खोकले.

मी भांडी घासायचं निमित्त करून ओट्याकडे तोंड केलं. हा माणूस गेली कित्येक वर्षं माझ्याच घरात होता आणि मला भेटत नव्हता.

मग मला तुम्ही आठवलात. त्या दिवशी यांचे कामावरचे मित्र जेवायला होते, आणि दादा हातात घास तसाच धरून बसल्या जागी झोपले. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "दादा, तू दुखण्यासाठी गोळी घेत नाहीस, गोळीसाठी दुखणं सांभाळतोस." आणि त्यांनी तुम्हाला दार दाखवलं. मीही तुम्हाला थांबवलं नाही. तुमच्या बोलण्याचा राग आला होता, आणि अजूनही आहे. पण गेल्या हिवाळ्यात हे गॅस चालू ठेवून झोपले होते. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या, त्यांनी याच गोळ्या घेतल्याचं विसरून पुन्हा घेतल्या आणि सकाळी उठल्याच नाहीत. हेही मला लिहायला हवं.

तुम्ही बरोबर होतात का, भाऊजी? हो म्हणून कळवू नका. मला नुसतं विचारावंसं वाटलं.

वहिनी


२९ जून

भाऊजी,

मागच्या पत्राला तुम्ही हातानं लिहिलेलं उत्तर पाठवलंत. अक्षर अजून तसंच आहे, शाळेत मास्तर ज्यावर ओरडायचे तसंच. 'वहिनी, मला फार बरं वाटलं' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणूनच इतके दिवस लिहायचं जिवावर आलं होतं.

ते दिवस गेले. गोळी आणखी कमी झाली आणि दुखणं परत आलं, पण पूर्वीचं नाही. पूर्वी कमरेत दुखायचं. आता म्हणतात, बरगड्यांभोवती कोणीतरी पट्टा आवळल्यासारखं होतं. आडवं झालं की जास्त. म्हणून खुर्चीत बसूनच झोपतात, म्हणजे झोपत नाहीत. खाली बाकावर मित्रांमध्ये जाणं बंद झालंय. मित्र एकदा वर आले होते, तर दादा त्यांच्यावर खेकसले, मग तेही येईनासे झाले.

डॉक्टरांकडे गेलो होतो. दादांनी सांगितलं, हे दुखणं वेगळं आहे. डॉक्टरांनी स्क्रीनवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "काका, गोळी कमी करताना सगळ्यांनाच असं वाटतं. शरीर मागतं."

"शरीर नाही, मी मागतोय," दादा म्हणाले. "आणि गोळी नाही मागत. बघा म्हणतोय."

डॉक्टरांनी पाठीवरून हात फिरवला, शर्टावरूनच. बाहेर रांग लागली होती.

माझं म्हणाल तर माझा गुडघा हल्ली फार दुखतो. बाजारापलीकडच्या दवाखान्यात दाखवला. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी गोळ्या दिल्यात, दादांच्याच जातीच्या. जिना चढताना त्रास होतो. तसं काळजीचं कारण नाही.

वहिनी


८ ऑगस्ट

भाऊजी,

माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला तेव्हाच कळलं असेल. चौकशी केली नाहीत, याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नाही.

मी त्या गोळ्या चहातून दादांना देत होते. त्यांना ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी कमी केलेल्या मी परत भरून काढत होते, एवढंच. त्यांना वाटायचं की आपलं शरीर सावरतंय, म्हणून कमी गोळीतही थोडं बरं आहे. आपल्या जोरावर सावरतोय याचा त्यांना आनंद होता, आणि तो खोटा आहे हे मला एकटीला माहीत होतं.

काल औषधांच्या दुकानात गेले. काउंटरवरची मुलगी मला नेहमी "काय काकू, आज काका नाहीत?" म्हणते. काल तिनं माझी चिठ्ठी घेतली, स्क्रीन बघितली आणि तिचा चेहरा पडला. "काकू, एकाच पत्त्यावर दोन माणसं, एकच गोळी, दोन वेगळे दवाखाने. मला कळवावंच लागतं. नाही कळवलं तर माझी नोकरी जाईल." हळू आवाजात बोलली बिचारी, पण मागच्या माणसांनी ऐकलंच. मी आयुष्यात रांग मोडली नाही की तिकिटाशिवाय प्रवास केला नाही. तिथं उभी होते तर मला वाटलं, माझ्या पिशवीत चोरीचा माल आहे.

तशीच गुडघ्याच्या डॉक्टरीण बाईंकडे गेले, आपणच जाऊन सांगावं म्हणून. त्यांना दुकानातून फोन आधीच गेला होता. "चालून दाखवा," म्हणाल्या. मी चालले. "कोणता गुडघा?" मी म्हटलं, डावा. त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी उजवा होता." आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी खुर्चीवरची पर्स घेऊन बाहेरच पडले.

आज आमच्या डॉक्टरांकडून निरोप आला. विश्वास राहिला नाही, दोघांनीही दुसरा डॉक्टर बघावा. शेवटची चिठ्ठीही देणार नाहीत. मी दोन दवाखान्यांत फोन लावला. नाव सांगितलं की पलीकडे कळफलक वाजतो, मग एक क्षण शांतता, मग "सध्या नवीन पेशंट घेत नाही." फोनवरच्या शांतता मला कळतात, भाऊजी. तेच माझं काम होतं.

दादांना सगळं सांगावं लागलं. मला वाटलं, चिडतील. माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "माझ्यापायी लंगडलीस? आणि तेही चुकीच्या पायानं?" हसले. मग म्हणाले, "आता पुरे. पुन्हा कोणापुढे हात पसरायचा नाहीस." तेव्हापासून ते मागत नाहीत, कण्हतही नाहीत. कण्हत होते तेव्हा बरं होतं असं वाटायला लागलंय.

वजन उतरलंय, पँटला दोरी बांधतात. लघवीला जाऊन ताटकळत उभे राहतात. आणि काल खोलीतून चालत आले तर एक चप्पल उंबऱ्यातच राहिलेली, यांना पत्ताच नाही. मी म्हटलं, "अहो, चप्पल?" तर खाली बघून म्हणाले, "अरेच्चा, मला वाटलं दोन्ही आहेत."

मी तुमच्याकडे गोळ्या मागत नाही. कोणा एका डॉक्टराला तुम्ही एक फोन करा. एवढंच सांगा, की हा माणूस माझा भाऊ आहे, याला तपासा.

वहिनी


१९ ऑगस्ट

भाऊजी,

तुम्ही इस्पितळातून थेट स्टेशनवर गेलात, त्यामुळे बोलायचं राहिलंच. दादा आत आहेत, मी बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय.

पत्र मिळाल्याबरोबर तुम्ही निघालात, हे मी विसरणार नाही. दार उघडलं आणि तुम्हाला बघितलं तर आधी वाटलं, कोणी पत्ता विचारायला आलंय. किती पांढरे झालात.

दादांनी आतून विचारलं, "कोण आहे गं?"

"मी आहे, दादा."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "गोळ्या मोजायला आलास?"

"नाही. चप्पल बघायला आलोय," तुम्ही म्हणालात. मला वाटलं, प्रवासानं तुमचं डोकं फिरलंय. तुम्ही त्यांना पालथं झोपवलंत आणि एकेका मणक्यावर मुठीनं हळू ठोकत गेलात. एका जागी ते असे ओरडले की मी भिंत धरली. मग पाय उचलायला सांगितलेत, डोळे मिटायला सांगून अंगठा वर केलाय की खाली ते विचारलंत. दादा प्रत्येक वेळी चुकत होते आणि आपण बरोबर सांगतोय असं त्यांना वाटत होतं.

तुम्ही बाहेर जिन्यावर येऊन बसलात. मी पाणी आणलं. तुम्ही विचारलंत, "वहिनी, एक्स-रे कोणी काढला होता?" मी म्हटलं, कोणीच नाही. "रक्त?" नाही. तुम्ही फोन करून आमच्या डॉक्टरांकडून त्यांनी लिहिलेलं सगळं मागवलंत आणि मला एक ओळ वाचून दाखवलीत. जूनमधली. 'वेगळ्या दुखण्याची तक्रार. औषध वाढवून मिळवण्याचा प्रयत्न असावा.'

तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते माझ्या कानांतून जात नाही. "आम्हाला वाटलं होतं, खूण आली की डॉक्टर माणसाकडे जास्त नीट बघतील."

त्याच दिवशी आपण त्यांना इथं आणलं आणि आता सगळं कळलंय. लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीत कॅन्सर, तो मणक्यात उतरलेला, आणि मणक्यातल्या गाठीनं पायांच्या नसा दाबलेल्या. इथले मोठे डॉक्टर म्हणाले, जूनमध्ये आला असता तर पाय वाचले असते. त्यांना माहीत नव्हतं की आम्ही जूनमध्ये गेलो होतो. मी सांगितलं नाही. तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात, तुम्हीही सांगितलं नाहीत. मग तुम्ही घड्याळ बघितलंत आणि गाडीची वेळ झाली म्हणालात.

वहिनी


२६ ऑक्टोबर

भाऊजी,

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायला वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण वेळ होता. लिहायला काही नव्हतं.

दादांना घरी आणलंय. बाहेरच्या खोलीत पलंग लावलाय, खिडकीपाशी. कमरेखाली काही कळत नाही त्यांना. दिवसाआड एक नर्सबाई येतात, धडधाकट आहेत, मोठ्यानं बोलतात, दादांना आवडतात.

औषधाची आता अडचण नाही. नव्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी पातळ औषध लिहून दिलं, पूर्वीच्या गोळीहून कितीतरी जोरदार, लागेल तेवढं द्या म्हणाले. मी दुकानात गेले. तीच मुलगी होती. चिठ्ठी बघितली, स्क्रीन बघितली आणि काही न बोलता बाटली पिशवीत घालून दिली. मी विचारलं, "आता नाही येत खूण?" ती म्हणाली, "या आजाराला सूट आहे, काकू." आणि रडायला लागली. मला तिचीच समजूत काढावी लागली.

दादांना बाटली दाखवली तेव्हा त्यांनी ती उजेडात धरून बघितली. "एवढं सगळं? कोणी काही विचारलं नाही?" मी म्हटलं, नाही. "बढती मिळाली म्हणायची," म्हणाले.

आता ते फारसे बोलत नाहीत. दुखत नाही, हे चांगलं आहे. डोळे अर्धे मिटलेले असतात. मी पेपर वाचून दाखवते, ऐकतात की नाही कळत नाही. एप्रिलमध्ये जे माझ्यासमोर बसून हसले होते, त्यांना मी शोधते कधी कधी, औषध उतरायच्या वेळेला. थोडा वेळ असतात. पण तेव्हा दुखायलाही लागलेलं असतं, मग मी चमचा भरते. मला दोन्ही हवं असायचं, ते मिळत नाही.

तुम्ही विचारलंत की समिती सोडू का. नका सोडू. सोडलीत तर तुमच्या जागी जो येईल त्यानं खालच्या शिक्षिकाबाईंसारखी माणसं पाहिलेली असतील, तुमच्या दादांसारखी नाही. तुम्ही दोन्ही पाहिलीत. ती जूनमधली ओळ तिथं वाचून दाखवा. नाव वगळू नका. मी दादांना विचारलंय, ते म्हणाले, "लिहू दे की. नाव चांगलं आहे माझं."

आणि तुम्ही विचारलंत, दादांनी तुम्हाला माफ केलं का. ते त्यांना विचारा, मी मध्ये फोन जोडून देणार नाही. माझं विचाराल तर मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांना पुसून घेते, पाठीला मलम लावते, तेव्हा तुमचा एवढा राग येतो की मलमाची डबी आपटते. मग आठवतं की सगळ्या डॉक्टरांत एका चपलेवरून ओळखलंत ते तुम्हीच. दिवस असाच जातो, कधी हे, कधी ते. तुम्ही वाट बघू नका आणि मलाही घाई करू नका.

पण दुसरी एक गोष्ट आहे. त्यांना दर थोड्या वेळानं कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. एक झालीच आहे, माकडहाडापाशी. वळवायला दोघं लागतात, एकानं खांदा धरायचा आणि एकानं कंबर. शेजारी कामाला जातात. रविवारी नर्सबाई येत नाहीत. मी एकटीनं करून बघितलं, तर ते निम्मेच वळले आणि मला म्हणाले, "राहू दे, दमलीस."

रविवारी या. कंबरेचा भाग जड आहे, तो तुम्ही धरा.

वहिनी